चार किलो लोखंड

"तुझ्या बापाला मी उपाशी मारतेय, असं सरळ म्हण ना! घाबरतोस कशाला?"

"मी कधी म्हटलं असं?"

"तोंडानं नाही म्हणालास. वाटीकडे बघून नाक मुरडलंस ना, तेच झालं ते."

वाटीत दूध होतं आणि दुधात कुस्करलेलं अंडं न् केळं. सकाळपासून तिसऱ्यांदा गरम केलेलं. वाटीच्या कडेला साय चिकटून तपकिरी झाली होती. बाप भिंतीकडे तोंड करून पडला होता. पांघरूण पातळ होतं, त्यातून त्याच्या खांद्याचं हाड खुंटीसारखं वर आलेलं दिसत होतं.

"मग पातळ कर ना अजून. हे काय, चिखल दिल्यासारखं."

"घे. तूच घे." आईनं वाटी त्याच्या हातात कोंबली. "बस इथं तासभर. एक चमचा घशाखाली उतरवून दाखव, मी तुझ्या पाया पडते."

काडी बसला. काडी म्हणजे काडेपेटीतली काडी, घासली की पेटते. बाजारातल्या हमालांनी ठेवलेलं नाव. नववीत मास्तरांनी सगळ्या वर्गासमोर वही फेकली, यानं ती उचलून मास्तरांवर फेकली, आणि तिथून जो निघाला तो परत शाळेच्या फाटकातून आत गेला नाही. आता सतरा पूर्ण झाली होती.

"बाबा, उठा. एक घोट."

बाप उठला. कोपरावर भार देऊन, टप्प्याटप्प्यानं. मान लाल काळी झाली होती, भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखी. घशात गाठ निघाली होती. तिच्यासाठी रोज दोन तास बसनं दवाखान्यात जाऊन रेडिएशनचा शेक घ्यायचा, आठवड्याचे पाच दिवस, असे एकूण तेहतीस. त्यातले पंधरा झाले होते. गाठीला काय झालं ते डॉक्टरांना ठाऊक. तोंडाचं मात्र पार वाटोळं झालं होतं. आतून सगळी कातडी सोलली होती. थुंकी गिळतानासुद्धा त्याच्या पायाची बोटं आवळायची.

काडीनं चमचा ओठाला लावला. बापानं दूध तोंडात घेतलं, डोळे मिटले, आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. मग गिळलं. डोळ्यांतून पाणी आलं, ते कानाकडे ओघळलं.

दुसऱ्या चमच्याला त्यानं हात आडवा धरला.

"बघितलंस?" आई म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता. "सहा वेळा द्यायचं सांगितलंय दवाखान्यातल्या त्या बाईंनी. मी आठ वेळा करते. लोणी घालून करते, दाणे वाटून करते. मी काय करू अजून?"

काडी तडकला. "मला काय विचारतेस? मी दिवसभर काट्यावर असतो!" असं म्हणून वाटी आपटून बाहेर पडला.

हे मात्र खरं होतं. दिवसभर तो बाजारातल्या वजनकाट्यावर असायचा.

बाप मापाडी होता. घराच्या मागेच बटाट्याचा बाजार. तीस वर्षं त्या बाजारात पोती मोजली ती बापानं. अडत्या वेगळा, गिऱ्हाईक वेगळं, पण माप या एकाच माणसाचं. बाप आकडा ओरडला की शेतकरीही गप्प, अडत्याही गप्प. बाप आजारी पडला तेव्हा हंगाम नुकताच तोंडावर आला होता. अडत्या म्हणाला, "पोराला उभा कर. डोळा बापाचाच आहे." आणि काडी उभा राहिला. पहिल्या दिवशी त्यानं प्रत्येक आकडा दोनदा वाचला. तिसऱ्या दिवशी त्यानं आकडा ओरडला आणि एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा त्याच्याकडे बघून मान हलवून पुढे गेला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्याच्या शब्दावर मान हलवली होती. हमाल त्याला चिडवायला 'छोटे मापाडी' म्हणायचे. तो वरवर चिडायचा.

आई त्याच बाजारात बटाटे निवडायला बसायची. सडके एकीकडे, कापलेले एकीकडे. मंगळवारपासून शुक्रवारपर्यंत ती बापाला घेऊन बसनं जायची, दुपारी परत आली की निवडायला. सोमवारी बाजार बंद, म्हणून सोमवारचं जाणं काडीकडे. आणि सोमवारीच तिथं वजन व्हायचं.

वजन करून झालं की एका बाईंच्या टेबलापुढे बसायचं. त्यांचं काम एकच, पेशंटनं काय खाल्लं ते विचारायचं. पाटीवर काहीतरी मोठं नाव होतं. आई त्यांना खाण्याच्या बाई म्हणायची, म्हणून काडीही म्हणायचा. बाई चष्म्यावरून बघायच्या आणि सगळं पेन्सिलीनं लिहायच्या.

"आले तेव्हा साठ. आता छप्पन," मागच्या सोमवारी त्या म्हणाल्या होत्या. "हे बघ, शेक अजून अर्धाही झाला नाही. पुढचे दिवस जास्त वाईट असतात. पंचावन्नच्या खाली गेलं तर मी थांबणार नाही. नाकातून नळी घालायची आणि तिच्यातून पोटात दूध सोडायचं. घरी दर दोन तासांनी कुणीतरी द्यायला लागेल. कोण असतं घरी?"

"बघू," काडी म्हणाला.

"बघू नाही. ठरवून ये."

बाहेर बाकावर तसा एक माणूस बसला होता. नाकातून पिवळट नळी आलेली, गालावर चिकटपट्टीनं चिकटवलेली, टोक कानामागे. एक लहान मुलगी त्याच्याकडे टक लावून बघत होती आणि तिची आई तिचं तोंड वळवत होती. बापानं काडीचं मनगट धरलं. इतकं घट्ट, की काडीला वाटलं, अजून जोर आहे यांच्यात.

"मला तसलं नको," बाप घोगऱ्या आवाजात म्हणाला. "जनावराला औषध पाजल्यासारखं."

काडीनं मनगट सोडवलं नाही. पण बसमध्ये खिडकीशी बसून तो एकच हिशेब करत होता. दर दोन तासांनी. म्हणजे सकाळी सहापासून. म्हणजे कुणीतरी घरीच. आईनं निवडणं सोडलं तरी शेकाला जाण्या-येण्यात तिचा अर्धा दिवस जातो, बाकी वेळ तिला एकटीला जमणार नाही. म्हणजे मी. म्हणजे काट्यावर दुसरा कुणी.

त्यानं डोकं काचेला टेकवलं आणि स्वतःला सांगितलं, बाबांना नको आहे ना, मग नको.

वाटीवरून भांडण झालं तो रविवार होता. संध्याकाळी पोती उचलून झाली, ट्रक गेले. आई नळावर हात धूत बायकांशी बोलत होती. काडी बापाला धरून मागच्या दारानं बाजारात घेऊन आला. "जरा पाय मोकळे करा." आणि काट्याजवळ आल्यावर म्हणाला, "उभे राहा बरं."

बाप काट्यावर चढला. पायाखाली माती चिकटलेली, आजूबाजूला बटाट्याची सालं. आकडा त्यानं स्वतःच वाचला. सवय होती.

"चोपन्न, दोनशे."

वाऱ्यानं रिकामी पोती फडफडत होती.

"उद्या ती बाई नळी घालणार," काडी म्हणाला.

बाप काट्यावरून उतरला नाही.

घरात पलंगाखाली जुनी लोखंडी वजनं होती. हा नवा काटा यायच्या आधीची. बाप अजून महिन्यातून एकदा ती तेलाच्या फडक्यानं पुसायचा, उगाच. काडीनं त्यातलं एक किलोचं न् अर्ध्याचं काढलं. सोमवारी पहाटे बापाच्या कोटाच्या दोन खिशांत एकेक घातलं. थंडी होती, कोट घालायलाच लागणार होता.

बापानं खिशात हात घातला. वजन ओळखलं. बाहेर काढलं नाही.

"फक्त आजच," काडी म्हणाला. "पुढच्या आठवड्यात तोंड बरं होईल, मग खाल तुम्ही. तोवर."

दवाखान्यातली नर्स घाईत होती. बूट काढा म्हणाली, कोट काढा म्हणाली नाही. आकडा आला पंचावन्न, सातशे. खाण्याच्या बाईंनी लिहिलं. "उतरतंय, पण हळू. ठीक आहे. अजून एक आठवडा बघू."

बाप बाहेर येऊन भिंतीला टेकला. त्याच्या कपाळावर घाम होता. "तीस वर्षं," एवढंच म्हणाला, आणि पुढचं गिळलं. गिळताना पायाची बोटं आवळली.

मंगळवारी सकाळी काट्यावर एक शेतकरी आला, पाठीत वाकलेला, दोनच पोती घेऊन. काडीनं पोत्याला हात लावला आणि त्याला कळलं. त्यानं पोतं तिथंच ओतलं. बटाट्यांबरोबर ओल्या मातीची ढेकळं पडली, आणि दोन दगड, मुठीएवढे.

"हे काय? बटाटे दगडाचे लागतात का तुमच्या रानात?"

हमाल हसले. म्हातारा खाली बसून ढेकळं वेचायला लागला. "अंधारात भरलं रे पोरा, दिसलं नाही."

"दगड दिसला नाही? आंधळ्यानं भरलं का? माझ्या काट्यावर हे चालणार नाही! माती काढायची, मग चढवायचं!"

तो इतक्या मोठ्यानं ओरडला की पलीकडच्या ओट्यावर बटाटे निवडत बसलेल्या बायकांनी माना वर केल्या. आईही होती त्यात, बापाला घेऊन बस गाठण्याआधी तासभर बसलेली. म्हाताऱ्यानं मान वर केली नाही, ढेकळं वेचत राहिला. काडीला कानापाशी गरम वाटलं. त्यानं मान खाली घालून स्वतःच दोन ढेकळं उचलून फेकली, आणि म्हाताऱ्याकडे न बघता आकडा ओरडला.

तोंड बरं झालं नाही. त्या आठवड्यात बापानं दूधही सोडलं. पाणी घ्यायचा, तेही वाटीच्या तळाला असेल एवढं. आई पहाटे उठून अंडी उकडायची, दाणे वाटायची, गाळणीतून गाळायची, आणि संध्याकाळी तेच कोंबड्यांना घालायची. बापाची विजार दोरीनं बांधायला लागली. कोटाच्या आत बाप असा हलायचा, जसं रिकाम्या डब्यात एकच बटाटा.

पुढच्या रविवारी काट्यावर आकडा आला एक्कावन्न, चारशे. काडी बराच वेळ आकड्याकडे बघत राहिला. बापही बघत होता.

"किती घालणार?" बापानं विचारलं.

"चार."

"पंचावन्न चारशे होईल."

"मागच्या वेळी सातशे होतं. तेवढंच ठेवलं तर शंका येईल. थोडं उतरलेलं बरं."

बापानं त्याच्याकडे पाहिलं. ही अक्कल काडी कुठून शिकला ते बापाला ठाऊक होतं. बाजारात लबाडी करणाऱ्यांना असंच पकडायचं असतं, हे बापानंच त्याला शिकवलं होतं. "आकडा फार सरळ आला की समज, कुणीतरी हात मारलाय."

त्या सोमवारी कोटाचे खिसे खाली लोंबत होते. दोन किलोचं एक वजन खिशात मावेना, म्हणून काडीनं अस्तर उसवून आत सरकवलं. बसमधून उतरताना बापाचा तोल गेला, लोखंड बसच्या दांडीवर आपटलं आणि खणकन आवाज झाला. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, काय घेऊन चाललात, तिजोरी?" बसमधले हसले. बापही हसल्यासारखं करून उतरला.

बाप काट्यावर चढला. कोटाची खालची कड दारातून येणाऱ्या वाऱ्यानं हलायला हवी, ती हलत नव्हती. काडीचं लक्ष फक्त त्या कडेकडे होतं.

"पंचावन्न, चारशे," नर्स म्हणाली.

खाण्याच्या बाईंनी आकडा बघितला, बापाच्या तोंडाकडे बघितलं, परत आकडा बघितला. "चेहरा फार उतरलाय हो तुमचा. पण वजन टिकवलंय. घरी कोण करतं खाण्याचं?"

"आई," काडी म्हणाला.

"आईला सांग, छान सांभाळतायत. एवढ्या शेकात वजन टिकणं सोपं नसतं."

त्यानं घरी येऊन सांगितलं. सांगायला नको होतं, पण आईनं दारातच विचारलं, "काय म्हणाल्या?" आणि त्याच्या तोंडून निघून गेलं. आई चुलीशी उभी होती. हातातलं भांडं तिनं खाली ठेवलं.

"असं म्हणाल्या? माझं नाव घेऊन?"

"आईला सांग म्हणाल्या."

नंतर काडी अंगणात पाय धूत होता तेव्हा त्याला दिसलं, ती खिडकीच्या काचेत बघून केस बांधत होती. कित्येक दिवसांनी नीट बांधत होती. काडीनं पायावर अजून पाणी ओतलं. पाय स्वच्छ झाले होते तरी ओतत राहिला.

गुरुवारी दुपारी एक वाजता निवडणाऱ्या बायकांतली एकजण पळत आली. "अरे काडी, तुझ्या आईचा फोन आलाय अडत्याकडे. तुझा बाप पडला तिकडे."

त्यानं काटा तसाच सोडला. अर्धं पोतं वर होतं.

दोन तासांच्या बसमध्ये तो बसला नाही, दांडी धरून उभा राहिला. पोचला तेव्हा बाप वॉर्डात होता, हाताला सलाईन. कोट खाटेच्या पायाशी घडी घालून ठेवलेला. आई स्टुलावर, पदर मुठीत आवळून.

शेक द्यायच्या आधी चेहऱ्यावर एक जाळीचा मुखवटा घालतात, मान हलू नये म्हणून. तो पहिल्या दिवशी बापाच्याच तोंडावर गरम करून बनवलेला, अगदी त्वचेला लागून बसणारा. त्या दिवशी तिथल्या माणसानं तो लावला आणि गालापाशी त्याची दोन बोटं आत गेली. "हा ढिला कसा झाला?" तो म्हणाला. शेक थांबवला. बापाला उठवायला गेले तर बाप उठता उठताच खाली.

वॉर्डात नुसत्या अंगानं वजन केलं. पन्नास, सहाशे.

आता खाटेभोवती डॉक्टर होते, सोमवारची नर्स होती, खाण्याच्या बाई होत्या.

"सोमवारी पंचावन्न चारशे. आज पन्नास सहाशे," डॉक्टर म्हणाले. "तीन दिवसांत पाच किलो. असं होत नाही. काहीतरी वेगळं चाललंय. शेक थांबवा. छाती-पोटाचा स्कॅन करा आधी."

"स्कॅनचा नंबर मंगळवारी लागेल," नर्स हळूच म्हणाली.

"मग मंगळवारपर्यंत थांबेल. काय करणार? एकेका दिवसाची खोट भरून निघत नाही हे मला माहिताय, पण आंधळेपणानं कसा देऊ शेक? सोमवारचं वजन तूच घेतलंस ना? काटा बघितला होतास?"

"काटा बरोबर होता डॉक्टर."

"मग आज बिघडला का? तपासून घ्या तो काटा."

काडी भिंतीला पाठ लावून उभा होता. काट्याला कोणी खोटं म्हटलं की बाप कसा पेटून उठायचा ते त्याला ठाऊक होतं. त्यानं बापाकडे पाहिलं. बापाचे डोळे उघडे होते आणि थेट त्याच्यावर होते. बोलायची ताकद नव्हती असं नाही. बोलत नव्हता.

खाण्याच्या बाई आईकडे वळल्या. "बाई, खरं सांगा. सोमवारनंतर काय दिलं? जुलाब झाले? उलट्या?"

"नाही हो."

"मग? सोमवारी एवढं चांगलं होतं आणि मग सोडूनच दिलंत का खायला घालायचं?"

"नाही हो मॅडम, मी करते, रोज करते," आई म्हणाली. ती उभी राहिली. बोटांवर मोजायला लागली, शाळेतल्या पोरीसारखी. "सकाळी दूध, अंडं. मग केळं. मग दाणे वाटून. मग भात मऊ करून, लोणी घालून. मग परत दूध..."

"करता ते बरोबर. पोटात किती जातं?"

आईची बोटं तिथंच थांबली. आजूबाजूच्या खाटांवरचे लोक बघत होते. तिचा चेहरा असा झाला होता, जसा त्या म्हाताऱ्याचा, दगड ओतल्यावर.

काडीच्या तोंडात शब्द आला. अगदी दातांपर्यंत आला. आणि त्यानं गिळला. घसा चांगला होता ना त्याचा, सहज गेला खाली.

संध्याकाळी नळी घातली. बापानं नको म्हटलं नाही. बाईंनी नाकात काहीतरी मऊ लावलं, म्हणाल्या, "पाण्याचा घोट घ्या, गिळा, गिळा, अजून एक," आणि नळी सरकत गेली. बापाच्या डोळ्यांतून पाणी आलं, दोनदा ओकारी आली, संपलं. चिकटपट्टी लावली. तीन मिनिटंसुद्धा लागली नसतील.

तीन मिनिटं. काडी बाहेर जाऊन जिन्यात बसला. एवढ्यासाठी?

"उद्या सकाळपासून दर दोन तासांनी दोनशे," बाई कागदावर लिहीत आईला सांगत होत्या. "तीन दिवसांचंच उपाशीपण आहे, भरून काढू भराभर."

ते वाक्य त्याला जिन्यात ऐकू आलं.

सकाळी सहाला बाई आल्या तेव्हा काडी त्यांच्या टेबलापाशी उभा होता. बाईंनी पर्स ठेवली. "काय रे?"

"तीन दिवस नाही," तो म्हणाला.

"काय तीन दिवस नाही?"

"उपाशी. महिना होत आला." मग सगळं एकदम निघालं, पोतं फाटल्यासारखं. "सोमवारी कोटात लोखंड होतं. चार किलो. त्याच्या आधीच्या सोमवारी दीड. खरं वजन एक्कावन्न चारशे होतं. आमच्याकडे काटा आहे, मी केलं होतं. तुमचा काटा बरोबर आहे. त्या नर्सची चूक नाही. आईला माहीत नाही."

बाईंनी चष्मा काढला. ओरडतील असं त्याला वाटलं, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठल्या आणि जवळजवळ धावतच वॉर्डाकडे गेल्या. नर्सच्या हातातली दुधाची मोठी पिचकारी त्यांनी काढून घेतली.

"दोनशे नाही. पन्नास. अगदी सावकाश. आणि आत्ताच्या आत्ता रक्त पाठवा." मग वळून काडीला, हळू, पण दात आवळून, "महिनाभर उपाशी पोटात एकदम ओतलं तर रक्तातले क्षार कोसळतात. हृदय बंद पडतं माणसाचं. कळतंय तुला? खोट्या वजनावर मी खरं दूध मोजत होते."

काडीनं मान हलवली.

"का केलंस?"

"बाबांना नळी नको होती," तो म्हणाला.

ते खोटं नव्हतं. पण बोलताना त्याला कळलं की त्यानं पुन्हा एकदा थोडं कमी मोजलं.

"आता आईला तू सांगायचंस. मी नाही सांगणार."

आई नळावर वाटी विसळत होती. वाटीची आता काही गरज नव्हती, तरी विसळत होती. काडीनं सांगितलं. ती मारेल म्हणून त्यानं गाल पुढे केल्यासारखं केलं. आईनं नळ बंद केला.

"ते छान सांभाळतायत म्हणाल्या होत्या," ती म्हणाली, "ते खरंच म्हणाल्या होत्या ना?"

"हो आई. खरंच म्हणाल्या होत्या."

"लोखंडाला म्हणाल्या."

एवढंच. वाटी पुसून तिनं पिशवीत ठेवली. त्यानंतर दोन दिवस ती त्याच्याशी कामापुरतं बोलली. "हे धर." "तिकडे सरक." वजनाचं, दुधाचं काहीही असलं की ती त्याला न विचारता बाईंना विचारायची. दोघांमध्ये तो उभा असला तरी त्याच्या डोक्यावरून विचारायची.

स्कॅन रद्द झाला. डॉक्टर काडीला एक शब्द बोलले नाहीत, नुसतं त्याच्या अंगावरून बघून गेले. बापाचं रक्त दिवसातून दोनदा तपासलं. पन्नासचे ऐंशी झाले, ऐंशीचे सव्वाशे. पिचकारी उंच धरायची, दूध आपोआप खाली उतरू द्यायचं, दाबायची नाही. आधी थोडं पाणी, शेवटी थोडं पाणी. डोकं उंच. काडी शिकला. हात भरून यायचा, तरी तो हात खाली घ्यायचा नाही. बाप छताकडे बघत पडलेला असायचा. एकदा दूध उतरता उतरता बापानं हात उचलून काडीच्या कोपराला आधार दिला, आणि मग काही झालंच नाही असा परत ठेवला. काडीनं तोंड फिरवलं.

रविवारी अडत्याचा फोन आला. "दुसरा उभा केलाय काट्यावर. हंगाम थांबत नाही बाबा कुणासाठी. तुझा राग नाही ना?"

"राग कशाचा," काडी म्हणाला. फोन ठेवल्यावर त्यानं मुठीनं भिंतीला एक गुद्दा मारला. हाताची सालटं निघाली. मग तोच हात घेऊन चारची पिचकारी धरायला गेला.

सोमवार आला. आज वजन उतरलं नसेल, रक्त नीट असेल, तर नवा मुखवटा बनवून शेक परत सुरू. नाहीतर अजून थांबायचं.

बाप स्वतः चालत काट्यापर्यंत आला. कोट घातलाच नव्हता. तरी काट्यापाशी येऊन त्यानं सदरा काढला, बनियनवर उभा राहिला. मग विजारीचे खिसे उलटे करून बाहेर काढले, दोन्ही. रांगेतले लोक बघत होते. सोमवारचीच नर्स होती. ती पुढे झाली आणि काही न बोलता तिनं बापाच्या कमरेवरून, पाठीवरून हात फिरवून बघितलं. बापानं त्यासाठी हात वर केले. बरगड्या एकेक मोजता येत होत्या. तो हात वर करून उभा होता, आणि काडीला वाटलं की जमीन दुभंगावी. पण जमीन दवाखान्याची होती, फरशीची, धड होती.

"एक्कावन्न, तीनशे," नर्स म्हणाली.

रक्तही ठीक आलं. बापाला आत नेलं. गरम जाळी तोंडावर दाबून नवा मुखवटा करायचा, मग तिथंच शेक. दार बंद झालं, वरचा लाल दिवा लागला.

आई आणि काडी बाहेरच्या बाकावर बसले. मध्ये एका माणसाची जागा रिकामी. समोरच्या घड्याळात बाराला दहा कमी होते. बापाच्या बारा वाजताच्या दुधाची बाटली खालच्या मजल्यावरच्या खिडकीतून आणायची असायची. उशीर झाला की तिथली बाई खिडकी लावून घ्यायची.

"सातशे ग्रॅम वाढलं," काडी म्हणाला.

"ऐकलं मी."

एक खाट चाकांवर खडखडत गेली.

"काडी," आई म्हणाली. घरी ती त्याला या नावानं कधीच हाक मारत नसे. "नळीला घाबरत होता तुझा बाप, ते मला माहिताय. पण तो तर गायीलाही घाबरतो, सुईलाही घाबरतो. मी कधी ऐकलं त्याचं? तू का ऐकलंस?"

काडीनं हाताची सालटं बघितली.

"अडत्याच्या फोननंतर भिंतीवर हात आपटलास ना. मी दारात होते." ती समोरच्या लाल दिव्याकडे बघत होती. "त्या काट्यावर उभं राहायचं होतं तुला. म्हणून केलंस. हो की नाही, तेवढं सांग."

घड्याळात बाराला पाच कमी. काडी उठून उभा राहिला.

"हो," तो म्हणाला, भिंतीला म्हणाल्यासारखा. "बारा वाजत आले, आई. खिडकी बंद होईल. मला आता निघायला हवं."